नव्या तबकडीची खरखर

कलकत्त्याला जाऊन आलेला मराठी माणूस सहसा चार गोष्टींचे वर्णन करतो: हावड्याचा पूल, कालीमातेचे देऊळ, ठाकुरांचा वाडा आणि रसगुल्ला. २००१ पासून कागदोपत्री या शहराचे नाव कोलकाता झाले आहे; पण आपल्या बोलण्यात अजून कलकत्ताच आहे, म्हणून मीही तेच वापरतो. गेल्या जानेवारीत मी तेथे गेलो, तेव्हा घरी आणि कॉलेजात निमित्त सांगितले ते पुस्तकांच्या मेळ्याचे. ते खोटे नव्हते. पण माझ्या बॅगेत, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये जपून बांधलेल्या, दोन नव्याकोऱ्या ध्वनिमुद्रिका होत्या. आणि नव्याकोऱ्या असूनही त्या दोन्ही खरखरत होत्या.

ग्रामोफोनच्या तबकड्या पुन्हा बाजारात आल्या आहेत हे वाचकांना ठाऊक असेल. एका तबकडीला दोन-तीन हजार रुपये पडतात. माझ्यासारख्या मास्तराने तेवढे मोजायचे म्हणजे महिन्याच्या हिशेबात कोठेतरी काट मारावी लागते. एक तबकडी सतारीची होती, दुसरी एका ख्यालगायकाच्या जुन्या मैफलीची. वेष्टण फोडून सतारीची तबकडी लावली, तर आलापाच्या आधी कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज आला. ख्यालाच्या तबकडीची दुसरी बाजू तर मधूनमधून कापड फाडावे तशी खर्र करीत होती. विकणाऱ्या मंडळींना पत्र लिहिले. त्यांचे नम्र उत्तर आले. त्याचा आशय असा, की खरखर हा या वस्तूचा स्वभावच आहे आणि जुन्या काळाची गोडी त्यातच आहे.

या उत्तराने मला स्वस्थ बसू दिले नाही. स्वभाव म्हटला की तक्रार संपते. पण हा खरोखर स्वभाव आहे की कोणाची हयगय आहे, हे सांगणारा माणूस भेटावा असे वाटू लागले. असा माणूस हिंदुस्थानात भेटायचा तर तो कलकत्त्यातच भेटणार. १९०२ च्या नोव्हेंबरात लंडनहून आलेल्या फ्रेड गाइसबर्गने गौहरजानचे गाणे मुद्रित केले ते याच शहरात. त्या तबकड्या छापून आल्या मात्र जर्मनीतल्या हॅनोव्हरहून. म्हणूनच गाणे संपताच गौहरजान इंग्रजीत स्वतःचे नाव सांगत असे, म्हणजे तिकडच्या कारागिरांना कळावे की हा आवाज कोणाचा. पुढे १९०८ मध्ये सियालदाजवळ तबकड्या छापण्याचा कारखाना निघाला आणि १९२८ च्या सुमारास तो डमडमला गेला. आपल्या घरोघरच्या कपाटांत बालगंधर्वांच्या आणि मास्टर दीनानाथांच्या ज्या तबकड्या होत्या, त्यांतल्या पुष्कळ बंगालच्या मातीत छापल्या गेल्या होत्या. सूर आपला आणि साचा त्यांचा, असा तो जुना संबंध आहे.

अकोल्याहून दुपारी गीतांजली एक्स्प्रेस पकडली. रवींद्रनाथांच्या काव्याचे नाव ल्यालेली ही गाडी १९७७ साली सुरू झाली, ती मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना. वरच्या वर्गाचा डबाच नसलेली गाडी काढण्याची कल्पना मुंबईच्या एका प्राध्यापकाला सुचावी हे मला नेहमीच भूषणास्पद वाटत आले आहे. आता तिला वातानुकूलित डबे आहेत; मी मात्र साध्या शयनयानात होतो. नागपूर सुटेपर्यंत संध्याकाळ झाली, आणि जाग आली तेव्हा गाडी रुरकेला सोडून चक्रधरपूरकडे निघाली होती.

उजाडता उजाडता दोन्ही बाजूंना छोटा नागपूरच्या टेकड्या दिसू लागल्या. साल, पळस, बोर, कुसुम. धुक्यात ही झाडे नुसत्या रेघांसारखी उभी होती. तबकडीची गोष्ट खरे तर येथूनच सुरू होते. पळस, बोर आणि कुसुम यांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचा किडा बसतो आणि स्वतःभोवती राळेचे कवच करतो. ते खरवडून, धुऊन, वितळवून त्याचे पातळ पापुद्रे करतात. सुतार लोक पॉलिशसाठी जी चपडी लाख वापरतात ती हीच. पाऊणशे वर्षांपूर्वीपर्यंतची जवळजवळ प्रत्येक जुनी तबकडी, मग ती कलकत्त्याची असो वा लंडनची, या लाखेने बांधलेली असे. रांचीजवळच्या नामकुमला लाखेच्या संशोधनाची संस्था निघाली ती १९२० नंतरच्या दशकात, जगभर तबकड्यांचा खप वाढत होता तेव्हा.

पण त्या तबकडीत लाखेचा वाटा निम्म्याहूनही कमी. बाकी दगडाची भुकटी, काजळी आणि थोडा कापसाचा भुगा. दगड मुद्दाम घालीत. त्या वेळी पोलादी सुई असे. पहिल्या काही फेऱ्यांत ती दगडावर घासून चरीच्या आकाराची व्हावी आणि तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे संपताच फेकून द्यावी, अशी ती योजना. म्हणजे आपण जे नाट्यपद ऐकत होतो त्याच्या पाठीमागे पोलाद दगडावर घासल्याचा आवाज अखंड चालू असे. त्या तबकडीची खरखर हा तिचा स्वभाव होता. तिला कोणी दोष दिला नाही. दगडाने दगडासारखे वागावे, दुसरे काय करावे?

व्हायनिलची तबकडी आली ती नेमका हा स्वभाव सोडण्यासाठी. १९४८ मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीने लांब वाजणारी एल्पी काढली. तिच्यात दगड नाही, भुकटी नाही. मऊ, एकसंध प्लास्टिक, आणि त्यावरून फिरणारी हलकी, घडीव खड्याची सुई. १९५४ च्या सुमारास अमेरिकेतल्या कंपन्यांनी एक पद्धत एकमताने ठरवली: मुद्रण करताना उंच स्वर वाढवून कोरायचे आणि वाजवताना तेवढेच उतरवायचे. त्यामुळे स्वर जागेवर येतो आणि त्याच्याबरोबर सुईची शिरशिर खाली दबते. शांततेसाठी इंजिनिअर लोकांनी एवढी खटपट केली. त्या वस्तूला आज कोणी खरखरीचा स्वभाव चिकटवला, तर तो त्या खटपटीचा अपमानच म्हणायचा. हा विचार करीत असताना टाटानगर आले आणि चहावाल्याने तो तोडला.

दुपारी हावड्याला उतरलो. मेळ्यात दोन दिवस घालवून तिसऱ्या दिवशी न्यू मार्केटच्या पलीकडे फ्री स्कूल स्ट्रीटवर गेलो. या रस्त्याचे आजचे नाव मिर्झा गालिब स्ट्रीट. जुनी पुस्तके आणि जुन्या तबकड्या यांसाठी तो प्रसिद्ध आहे. दुकाने म्हणजे भिंतीतले कोनाडेच. दुकानदार आत, गिऱ्हाईक फुटपाथवर आणि तबकड्या दोघांच्या मध्ये. एका कोनाड्यात पन्नाशीचे एक गृहस्थ एक जुनी तबकडी ओल्या मऊ ब्रशाने धूत होते. धुण्याची ती सावकाश रीत पाहूनच मी तेथे थांबलो.

“फंगस आहे, दादा,” ते हिंदीत म्हणाले. “आमच्या हवेत पुस्तकांना लागते तशी तबकडीलाही बुरशी लागते. पावसाळ्यानंतर अर्धा धंदा धुण्याचाच.”

मी माझी सतारीची तबकडी पुढे केली. त्यांनी ती कागदी पिशवीतून अर्धी बाहेर ओढली आणि मला विचारले, “तुमचे गाव कोरडे आहे का?”

हा प्रश्न ऐकून मी चकित झालो. दिवाळी सरली की वऱ्हाडात हवा इतकी कोरडी पडते की रात्री स्वेटर काढताना चटचट ठिणग्या उडतात. त्यांनी समजावून सांगितले ते असे. व्हायनिल हे विजेला धरून ठेवणारे द्रव्य आहे. कागदाच्या पिशवीतून ते ओढले की घर्षणाने त्यावर वीज साठते. दमट हवेत ती लवकर ओसरते, कोरड्या हवेत तशीच राहते. वीज साठली की तबकडी हवेतली धूळ ओढून घेते. शिवाय पिशवी स्वस्त असेल तर तिचेच तंतू चरीत अडकतात. म्हणजे एकाच तबकडीचा कलकत्त्यात शत्रू वेगळा आणि अकोल्यात वेगळा: येथे ओल, तेथे कोरड.

त्यांनी तबकडीच्या मधल्या लेबलावर प्लास्टिकची चकती दाबून धरली, शुद्ध केलेल्या पाण्यात साबणाचा एखादा थेंब टाकला आणि चरींच्या दिशेने, गोल, ब्रश फिरवला. मग निव्वळ पाण्याने धुऊन ती उभी करून वाळत ठेवली. आम्ही तोवर मातीच्या कुल्हडातून चहा घेतला. वाळल्यावर त्यांनी ती लावली. मोहरीची तडतड गेली होती. कोठे एखादा दाणा उडे, तेवढाच. त्यांनी तिला आतून प्लास्टिकचे अस्तर असलेली नवी पिशवी दिली आणि जुनी कागदी पिशवी माझ्यादेखत चुरगाळून टाकली.

ख्यालाची तबकडी धुतली, वाळवली, लावली. पहिली बाजू सुधारली. दुसऱ्या बाजूची खर्र होती तशीच राहिली. त्यांनी सुई उचलली.

“ही धूळ नाही. ही जन्माची आहे. ही तुम्ही डमडमच्या आमच्या दादांना दाखवा. ते कारखान्यात तबकड्या तपासायला होते.” आणि एका कागदावर पत्ता लिहून दिला.

डमडमला जायला पार्क स्ट्रीटहून मेट्रो आहे. कलकत्त्याची मेट्रो ही देशातली पहिली. १९८४ मध्ये तिचे जे पहिले तुकडे सुरू झाले त्यांत डमडम ते बेलगाछिया हा एक होता. डमडमचे नाव जगाने ऐकले ते आणखी एका कारणाने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथल्या लष्करी कारखान्यात शरीरात शिरताच पसरणारी गोळी तयार झाली, आणि तिला गावाचेच नाव पडले. ज्या गावाने जगाला ती गोळी दिली त्याच गावाने पुढे हजारो घरांना गाणे दिले, हे मनात आल्यावाचून राहिले नाही. जेसोर रोडवर, रिक्षा, ऑटो आणि बस यांच्या गर्दीत, मी ग्रामोफोन कंपनीच्या जागेवरून गेलो. कंपनीचे नाव २००० सालापासून सारेगामा आहे. कॅसेटने आणि मागाहून आलेल्या सीडीने तबकड्यांचा धंदा उठवला, तेव्हा येथली छपाईही थांबली. रस्त्यावरच्या माणसाला आता येथे दाबयंत्रांची वाफ दिसत नाही.

दादा ऐंशी ओलांडलेले. दुमजली घराच्या खालच्या खोलीत, खिडकीशी, आरामखुर्चीत बसले होते. मी मराठीचा मास्तर असे कळताच त्यांनी मला ‘मास्टरमशाय’ म्हणायला सुरुवात केली. आमचे बोलणे हिंदी आणि बंगाली यांच्या मिसळीत झाले. मी तबकडी काढून यंत्र कोठे आहे असे विचारू लागलो, तर ते हसले.

“यंत्र आहे, पण माझ्या कामाचे नाही. तीस वर्षे खोलीत बसून तबकड्या ऐकल्या. आता खिडकीतली चिमणीसुद्धा ऐकू येत नाही. तुम्ही ऐका आणि मला सांगा. मी पाहतो.”

त्यांनी तबकडी दोन्ही तळव्यांत, फक्त कडेला धरली आणि खिडकीच्या उजेडात तिरकी केली. काळ्या पृष्ठभागावर उजेडाचा पट्टा पंख्यासारखा फिरला. एका जागी ते थांबले. मला जवळ बोलावून बोट न लावता दाखवले: चकचकीत काळ्यात राखेची पुसट बोटे उमटावीत तसा एक भाग होता.

“येथे भरलेच नाही,” ते म्हणाले. “बाहेरून मोजले तर पहिल्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. तुम्हाला खर्र कितव्या मिनिटाला येते?”

माझ्या वहीत टिपण होते: सहाव्यापासून आठव्या मिनिटापर्यंत. बाजू एकवीस मिनिटांची. मी सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली.

मग त्यांनी मला तबकडीचा जन्म सांगितला. आधी ॲल्युमिनियमच्या थाळीवर लॅकरचा थर देऊन त्यात गाणे कोरतात. त्यावर चांदीचा अतिसूक्ष्म मुलामा देऊन, विजेच्या साह्याने निकेल चढवतात. ते निकेल सोलून काढले की उलटा ठसा मिळतो. त्यावरून सुलटा, आणि सुलट्यावरून पुन्हा उलटे साचे. कारखान्यात या पिढ्यांना बाप, आई अशी नावे आहेत, आणि शेवटचा साचा म्हणजे दाबयंत्रात बसणारे पोर. भाकरीच्या उंड्याएवढा व्हायनिलचा तापलेला गोळा दोन साच्यांच्या मध्ये ठेवतात, वरून शंभर टनांच्या आसपास दाब देतात, वाफेने तापवतात आणि लगेच पाण्याने थंड करतात. एक तबकडी व्हायला अर्धा मिनिट पुरतो.

“आता त्या अर्ध्या मिनिटात काय काय चुकते ते पाहा,” दादा म्हणाले. गोळा पुरेसा तापला नाही, किंवा दाब कमी पडला, तर द्रव्य चरीच्या तळापर्यंत पोचत नाही. तेथे भिंत खडबडीत राहते आणि सुई कापड फाडल्यासारखी वाजते. निवण्याआधीच तबकडी ओढून काढली तर ती पापडासारखी वाकते. एक साचा हजार-दीड हजार तबकड्यांनंतर झिजू लागतो. तो बदलला नाही तर उंच स्वर मळकट होतात. साच्यावर एखादा कण बसला तर तो प्रत्येक तबकडीत टक होऊन उमटतो.

त्या टकेची त्यांची परीक्षा मला फार आवडली. एल्पी तीन मिनिटांत बरोबर शंभर फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. टक जर १.८ सेकंदांनी नेमाने येत असेल तर ती एकाच जागची जखम आहे: ओरखडा, फुगवटा किंवा साच्यातला डाग. चटचट कोठेही, कशीही येत असेल तर ती धूळ किंवा वीज. धुण्याने धूळ जाते. जखम जात नाही. घड्याळ घेऊन बसणाऱ्याला एवढे कोणत्याही घरी कळेल.

“आणि तंबोरा ऐका,” ते म्हणाले. मधले भोक केसभर जरी बाजूला पडले, तरी सुई कधी आत कधी बाहेर जाते आणि स्वर एका फेऱ्यात थोडा चढतो, थोडा उतरतो. ढोल-ताशांच्या गाण्यात ते लपते. पण आपल्या गाण्यात मागे अखंड षड्ज चालू असतो. तो डुलू लागला की सामान्य माणसालाही पोटात कसेतरी होते. “विलायती तबकडीपेक्षा आपली तबकडी छापायला अवघड. आपण शांततेत सुरू करतो. आलापाच्या वेळी लपायला जागा नसते.”

त्यांच्या बोलण्याने आणखी एक गोष्ट ध्यानात आली. एल्पीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला पन्नास सेंटिमीटरच्या आसपास चरी जाते. लेबलाजवळ पोचेपर्यंत तो वेग निम्म्याहूनही खाली, वीस-एकवीस सेंटिमीटरवर येतो. तेवढ्या थोड्या जागेत तेवढेच स्वर बसवावे लागतात, त्यामुळे तेथे स्वर चटकन फाटतो. आपला ख्याल नेमका उलटा वाढतो. संथ विलंबित प्रशस्त जागेत आणि द्रुताच्या ताना अगदी अडचणीत. त्यातही बाजू लांब केली तर चरी एकमेकींशी खेटतात, गाणे हळू आवाजात कोरावे लागते आणि तितकी खरखर वर येते. म्हणून जास्त मिनिटे म्हणजे जास्त मोल असे गिऱ्हाइकाने समजू नये.

मग ज्यासाठी मी आलो होतो तो प्रश्न विचारला. खरखर हा स्वभाव आहे का?

दादा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. तबकडी पिशवीत सरकवून त्यांनी ती माझ्या हाती दिली आणि मला उलट विचारले, “मास्टरमशाय, ही तुमच्याआधी कोणी ऐकली?”

त्यांच्या काळी, ते म्हणाले, ढिगातून काढलेली तबकडी घेऊन एक माणूस बंद खोलीत बसायचा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा. त्याला गाणे ऐकायची बंदी. गाण्याच्या पाठीमागे काय आहे तेवढेच ऐकायचे. त्याने हात वर केला की यंत्र थांबायचे. “दाबयंत्रवाला माझ्यावर चिडायचा. त्याचे दिवसाचे काम अडायचे. पण गिऱ्हाइकाने चिडण्यापेक्षा त्याने चिडलेले बरे.”

परतीच्या मेट्रोत मी याच प्रश्नाचा विचार करीत होतो. १९८० नंतर जगभर दाबयंत्रे मोडीत निघाली आणि ती चालवणारे हात पांगले. मग वारे उलटे फिरले. २०२२ मध्ये अमेरिकेत चार कोटींहून अधिक तबकड्या विकल्या गेल्या. १९८७ नंतर प्रथमच तिथे सीडीपेक्षा तबकड्यांची संख्या जास्त भरली. जुनी यंत्रे पुरेनात, म्हणून २०१५ च्या सुमारास कॅनडात आणि जर्मनीत नवी घडवली जाऊ लागली. २०२० च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातल्या बॅनिंग येथे लॅकरच्या थाळ्या करणारा कारखाना जळाला, तेव्हा कळले की त्या थाळ्या करणारा दुसरा मोठा कारखाना जगात एकच, जपानमध्ये उरला आहे. एवढ्या अरुंद वाटेवरून एवढी गर्दी निघाली, की कोठेतरी चेंगराचेंगर व्हायचीच. यंत्र वर्षभरात घडते. ऐकणारा कान तीस वर्षांत घडतो, आणि दादांचा कान घडला तसा विझूनही गेला.

यात गिऱ्हाइकाचाही वाटा आहे. खरखर म्हणजे जुन्या काळाची गोडी, हे विकणाऱ्याने म्हटले आणि आपण मान डोलावली. आज संगणकावर तयार होणाऱ्या गाण्यांतसुद्धा गंमत म्हणून खरखर मिसळतात. मिसळोत बापडे. पण ज्या तबकडीत कोणी गवई षड्ज लावून बसला आहे, तेथे त्याच्या आणि माझ्या मध्ये कोणाची हयगय बसू नये. जुन्या लाखेच्या तबकडीची खरखर मी आनंदाने ऐकतो. तिच्यात दगड आहे, आणि बंगालच्या दमट हवेतून निघून साठ-सत्तर उन्हाळे-पावसाळे काढून ती आपल्यापर्यंत पोचली आहे. काल छापलेल्या तबकडीने तेवढे वय अंगावर घेऊ नये.

निघताना दादांनी एक युक्ती सांगितली होती. लेबलाजवळच्या मोकळ्या जागेत साच्याचा क्रमांक कोरलेला असतो. बदली प्रत मिळाली तर तो क्रमांक ताडून पाहायचा आणि दोन्ही प्रती एकाच जागी ऐकायच्या. दोष दोन्हींत असेल तर साचा वाईट. एकीतच असेल तर दाबताना बिघडले.

अकोल्याला येताच मी दुसरे पत्र लिहिले. या वेळी त्यात राग नव्हता, फक्त नोंदी होत्या: कोणती बाजू, कितवे मिनिट, कसला आवाज, तिरक्या उजेडात काय दिसते, धुऊन काय फरक पडला, साच्याचा क्रमांक काय. एप्रिलमध्ये दुसरी प्रत आली, कसलाही वाद न घालता. क्रमांक तोच होता. सहाव्या मिनिटाची खर्र तिच्यात नव्हती. म्हणजे पहिली प्रत दाबताना बिघडली होती. पण पहिल्या बाजूला, विलंबितच्या दुसऱ्या आवर्तनात, लागोपाठ चार हलक्या टका आल्या, बरोबर १.८ सेकंदांच्या अंतराने. जुनी प्रत लावून पाहिली. त्याच जागी, त्याच चार टका.

ती तबकडी मी ठेवून घेतली आहे. तंबोरा स्थिर आहे, आणि चार टका मी सोसू शकतो. साच्यावर डाग आहे हे मात्र मी त्या मंडळींना कळवले, म्हणजे पुढच्या छपाईच्या आधी कोणीतरी तो साचा उजेडात धरील. दादांनाही त्यांच्या नातवामार्फत कळवले. त्यांचे एवढेच उत्तर आले: चार असतील तर डाग लहान आहे, वेळेवर कळवलेत, बरे झाले.

या दिवाळीत वाचकांपैकी कोणाच्या घरी नवी तबकडी येणार असेल, तर त्यांना माझे सांगणे एवढेच. ती आधी धुवा, पिशवी बदला, मग घड्याळ जवळ घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा ऐका. धुऊन जाईल ती खरखर आपली. ती आपण निस्तरावी. धुऊनही जी जाणार नाही ती त्यांची. ती मुकाट्याने पदरात घेऊ नका, नोंदी करून परत पाठवा. कारखान्यातली ती ऐकणाऱ्याची खुर्ची रिकामी पडली आहे. ती पुन्हा भरायला लावणे हे आता आपल्याच हातात आहे.